तेल उतरले, भार कोणावर?

ज्या गाडीला सारा जामनेर तालुका ‘पीजे’ म्हणून ओळखतो, ती पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी मार्च २०२० मध्ये थांबली आणि पहूरच्या स्थानकात ती पुन्हा कधीच आली नाही. टाळेबंदीत बंद झालेला हा मार्ग पुढे रुंदीकरणाच्या योजनेमुळे कायमचाच बंद झाला. त्याच दिवसांत जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एस.टी. थांबली, लेणी पाहण्यास येणाऱ्यांच्या मोटारी थांबल्या, कापसाच्या गाठी वाहणारे ट्रक थांबले. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील तेलडेपोंतून खानदेशात येणाऱ्या टँकरची वर्दळ मंदावली. ‘मागणीचा संकोच’ ही पाठ्यपुस्तकातील संज्ञा पहूरच्या माणसाने आपल्या चौकातच पाहिली.

अशी लक्षावधी गावे आणि शहरे एकाच वेळी थांबली, तेव्हा त्या थांबण्याचा धक्का समुद्रातील आणि वाळवंटातील तेलविहिरींपर्यंत पोहोचला. तेथे काम करणाऱ्या अभियंत्यांचे, भूवैज्ञानिकांचे, वेल्डर-फिटरांचे काय झाले, याची चर्चा मराठी वर्तमानपत्रांतून फारशी झाली नाही. तेलाचा भाव हा आपल्याकडे ग्राहकाच्या बाजूनेच पाहिला जातो. तो चढला की ओरड होते आणि उतरला की समाधान वाटते. परंतु उतरलेल्या भावाचाही भार कोणाला तरी वाहावा लागतो. २०२० मध्ये तो कोणी वाहिला, आणि पुढच्या वेळी त्याची वाटणी अधिक न्याय्य कशी करता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

भाव शून्याखाली

घडलेल्या घटना थोडक्यात अशा. महासाथ पसरू लागली त्याच सुमारास, मार्च २०२० मध्ये, उत्पादन-कपातीच्या प्रश्नावर रशिया आणि सौदी अरेबिया यांचे बिनसले आणि बाजारात तेलाचा पूर आला. एकीकडे पुरवठा वाढत होता, दुसरीकडे विमाने जमिनीवर होती. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील वायदेबाजारात खनिज तेलाचा भाव पिंपामागे उणे ३७.६३ डॉलर झाला. उणे भावाचा अर्थ असा की, तेल घेऊन जाण्यासाठी विक्रेताच ग्राहकाला पैसे देऊ लागला. तेलविहीर काही नळासारखी सहज बंद करता येत नाही, आणि साठवणुकीच्या टाक्या भरत आल्या की उत्पादकापुढे दुसरा मार्ग उरत नाही. भारत आयात करतो त्या तेलाचा सरासरी भाव त्या एप्रिलमध्ये २० डॉलरच्या खाली आला. देशातील पेट्रोलियम पदार्थांचा खप आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. शेवटी तेल-उत्पादक राष्ट्रांनी एकत्र येऊन मे महिन्यापासून दररोज ९७ लाख पिंपांची कपात करण्याचे ठरवले, तेव्हा घसरण थांबली.

भाव सावरले, पण नोकऱ्या सावरल्या नाहीत. याचे कारण समजण्यासाठी अर्थशास्त्रातील प्रवेगक तत्त्व उपयोगी पडते. एखाद्या जिनिंग कारखान्यात कापसाची आवक दहा टक्क्यांनी कमी झाली, तर मालक त्या वर्षी नवे यंत्र दहा टक्क्यांनी कमी विकत घेतो असे होत नाही. तो ते मुळीच घेत नाही. कापसाच्या व्यवहारात जी घट दहा टक्क्यांची असते, ती यंत्र बनविणाऱ्याच्या बाबतीत जवळजवळ शंभर टक्क्यांची होते. तेलधंद्याचे तसेच आहे. चालू विहिरीतून तेल काढणे सुरूच राहते. नवी विहीर खणणे, भूस्तरांचे सर्वेक्षण करणे, प्लॅटफॉर्मची दुरुस्ती करणे ही कामे मात्र पुढे ढकलता येतात. ती कामे करणारी माणसे बहुधा तेल-कंपनीची नसतात. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांची आणि त्यांच्याही खालच्या कंत्राटदारांची असतात.

आकडे या तत्त्वाची साक्ष देतात. जगातील तेलाची मागणी २०२० या वर्षात सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. तेल व वायूच्या उत्खननातील गुंतवणूक मात्र सुमारे एक तृतीयांशाने घटली. अमेरिकेत मार्चमध्ये सातशेहून अधिक रिग खोदकाम करीत होते, ऑगस्टमध्ये त्यांची संख्या २४४ वर आली. श्लंबर्जे या सेवा-कंपनीने एकवीस हजारांवर नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. ब्रिटनच्या बीपी कंपनीने दहा हजारांचा आणि शेल कंपनीने नऊ हजारांपर्यंतचा आकडा सांगितला. हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण तेलक्षेत्राला तांत्रिक सेवा देणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांची केंद्रे पुण्यात आहेत, तेथेच पेट्रोलियम अभियांत्रिकीचे शिक्षणही मिळते, आणि या वाटेने आखाती देशांत गेलेली मराठी मुले थोडी नाहीत.

तापीच्या नावाचे वायुक्षेत्र

महाराष्ट्राचा आणि तेलाचा संबंध अर्धशतकाचा आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ या खोदकाम-जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटाने हवालदिल झालेल्या देशाला त्या शोधाने केवढा धीर दिला, हे त्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. समुद्रातील तेल आणि वायू उरण येथे उतरला, दक्षिण गुजरातेत हजिरा येथे वायू शुद्ध करण्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला, आणि त्याच वायूवर अलिबागजवळ थळ येथे युरिया तयार होऊ लागला. वाघूरकाठच्या कापसाला पडणाऱ्या खताची एक मुळी अशी समुद्रतळाशी गेलेली आहे. एवढेच काय, आपल्या तापी नदीचे नाव मिळालेले एक वायुक्षेत्रही त्या समुद्रात होते. त्याचे उत्पादन २०१६ मध्ये संपले.

खानदेशाचा संबंध याहून जवळचा आहे. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने भुसावळ-जळगावची माणसे सुरतेस जात आली आहेत. उधना, लिंबायत या वस्त्यांत अहिराणी सर्रास ऐकू येते. बहुतेकांची भाकरी कापडधंद्यावर असली, तरी आय.टी.आय.चे प्रमाणपत्र घेतलेला वेल्डर, फिटर किंवा वीजतंत्री हजिऱ्याच्या कारखान्यांकडे आणि तेथून समुद्रातील कामाकडे वळणे स्वाभाविक आहे. अभियंता पुण्याहून आखातात जातो आणि वेल्डर सुरतेहून समुद्रात जातो. तेलधंद्याच्या या दोन पायऱ्या २०२० मध्ये एकाच वेळी निसटल्या.

तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाला, म्हणजे ओएनजीसीला, जानेवारी ते मार्च २०२० या तिमाहीत ३,०९८ कोटी रुपयांचा तोटा झाला. तिमाहीत तोटा होण्याची ही त्याच्या इतिहासातील पहिलीच वेळ. शिवाय सरकारने ठरवून दिलेला देशी वायूचा दर त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये दशलक्ष उष्मांक-एककामागे १.७९ डॉलर इतका खाली आला, आणि तो उत्पादनखर्चापेक्षाही कमी होता. तरीही सार्वजनिक क्षेत्रातील कायम कर्मचाऱ्याची नोकरी सुरक्षित राहिली. समुद्रातील पाळी लांबली, प्लॅटफॉर्मवर जाण्यापूर्वी विलगीकरण आणि चाचण्या आल्या, घरच्या आजारपणात परत येणे अवघड झाले. पण पगार मिळत राहिला. जे कायम नव्हते त्यांच्यासाठी असे कोणतेच छत्र नव्हते.

कायद्याच्या दोन फळ्यांमधील फट

कायदा मुळीच नव्हता असे नाही. केंद्र सरकारने २९ मार्च २०२० रोजी टाळेबंदीच्या काळातील पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला होता. तो १८ मेपासून मागे घेतला गेला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात असे सुचविले. त्या वेळी अमलात असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार, कंत्राटदाराने मजुरी थकविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येत होती. पण काम केल्यावर थकलेली मजुरी वेगळी आणि कामच बंद पडल्याने बुडालेली मजुरी वेगळी. दुसरीबद्दल कायद्याने हात वर केले.

राज्य विमा योजनेखाली बेकारी-साहाय्याची तरतूद आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ते सरासरी वेतनाच्या पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांपर्यंत, नव्वद दिवसांसाठी, वाढविण्यात आले. निर्णय चांगला होता. पण ही योजना दरमहा एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी होती. समुद्रातील जोखमीच्या कामामुळे ज्याचे वेतन या मर्यादेच्या थोडे वर गेले तो कुशल कामगार, आणि शिक्षणकर्ज काढून पदवी घेतलेला तरुण अभियंता, दोघेही तिच्या बाहेर राहिले. कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेर सवलत दिली, परंतु व्याज चढतच होते.

आखातातील कामगारांची कथा आणखी कष्टाची आहे. मे २०२० पासून ‘वंदे भारत’च्या विमानांनी हजारो माणसे परतली, अनेकांची शेवटची मजुरी आणि सेवासमाप्तीची रक्कम तेथेच राहिली. त्यातच सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याच सरकारने आखातात जाणाऱ्या भारतीय कामगारांसाठीचे किमान वेतन तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणले. भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात हा हेतू सांगितला गेला. टीका झाल्यावर जुलै २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. मंदीत मालकाने मजुरी कमी करणे समजू शकते. मजुराच्या सरकारने ती कमी करण्यास वाट करून द्यावी, हे मात्र समजणे कठीण आहे.

अशा स्थितीत माणसांनी आपापल्या परीने मार्ग काढला. कोणी संगणकाकडे वळले, कोणी शिकवण्यांकडे, कोणी स्पर्धापरीक्षांकडे. काहींनी आपले खोदकामाचे आणि दाबयंत्रांचे ज्ञान भूगर्भातील उष्णतेच्या किंवा पवनऊर्जेच्या कामाला लावले. जो गावी परतला तो बापाच्या शेतात उतरला. चार एकरांच्या कपाशीवर जेथे तिघे पुरे होते तेथे पाच जण राबू लागले, आणि त्यामुळे उत्पन्न वाढले नाही. यालाच आपण प्रच्छन्न बेकारी म्हणतो. ती आकडेवारीत दिसत नाही, म्हणून राज्यकर्त्यांना ती सोयीची वाटते.

समुद्रात गेलेले जीव

पोटासाठी पुन्हा समुद्रात गेलेल्यांचे काय झाले, हे मे २०२१ मध्ये दिसले. महासाथीची दुसरी लाट ओसरलेली नव्हती. ओएनजीसीच्या प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीचे काम करणारे कंत्राटी कामगार ‘पी-३०५’ या निवासी बार्जवर राहत होते. ‘तौक्ते’ चक्रीवादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधी दिला होता, तरी बार्ज समुद्रातच राहिला. १७ मे रोजी नांगर तुटून तो भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ‘वरप्रदा’ या टगबोटीवर आणखी १३. नौदल आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून १८८ जणांना वाचविले, त्या शौर्याला तोड नाही. पण ८६ जण गेले. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, मदतनीस अशी ही माणसे होती.

अपघाताची जबाबदारी ठरविणे हे चौकशी समितीचे आणि न्यायालयाचे काम आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात वेगळा प्रश्न दिसतो. काम बंद ठेवण्याच्या प्रत्येक दिवसाचा खर्च कोणी सोसायचा, हे जेथे आधी ठरलेले नसते, तेथे काम बंद न ठेवण्याकडे सर्वांचाच कल होतो. कामगारही ‘मला उतरवा’ असे सहजासहजी म्हणत नाही, कारण उतरलेल्या दिवसाची मजुरी त्याला नसते, आणि घरी आधीच्या वर्षाचे कर्ज असते.

येथे तेलधंद्यातील एका प्रथेकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. खोदकामाच्या रिगचे भाडे दिवसावर ठरते, आणि वादळामुळे किंवा मूळ मालकाच्या सूचनेमुळे रिग नुसता उभा राहिला, तर त्या दिवसांसाठी वेगळा ‘उभे राहण्याचा दर’ कंत्राटात लिहिलेला असतो. रिकाम्या यंत्रावरही व्याज आणि घसारा चढतो, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. पण रिकाम्या माणसालाही भूक लागते. यंत्राला जो न्याय आहे तो माणसाला का नसावा?

दोन्हीकडून भरणारी तिजोरी

पैसा कोठून आणायचा, असे कोणी विचारील. म्हणून तेलाच्या घसरणीत पैसा कोठे गेला ते पाहू. आयातीचा भाव कोसळल्यावर पंपावरचा दर त्या प्रमाणात उतरला नाही. केंद्र सरकारने मार्च आणि मे २०२० मध्ये अबकारी कर वाढवून तो पेट्रोलवर लिटरमागे ३२.९८ रुपये आणि डिझेलवर ३१.८३ रुपये केला. परिणामी पेट्रोलियम पदार्थांवरील केंद्रीय अबकारीचे उत्पन्न २०१९-२० मधील सुमारे २ लाख २३ हजार कोटींवरून २०२०-२१ मध्ये सुमारे ३ लाख ७३ हजार कोटींवर गेले. तेही खप घटलेला असताना. पुढे २०२२ मध्ये युद्धामुळे भाव भडकले. ओएनजीसीचा २०२१-२२ चा नफा ४० हजार कोटींवर गेला, आणि जुलै २०२२ पासून सरकारने देशी तेलावर आकस्मिक नफ्याचा कर बसविला. तो डिसेंबर २०२४ पर्यंत चालू होता.

महासाथीत सरकारचा खर्च वाढला होता, फुकट धान्य द्यावयाचे होते, लस आणावयाची होती, हे मान्य केले पाहिजे. संकटकाळी महसूल गोळा करणे हा गुन्हा नव्हे. तथापि भाव उतरला तेव्हा ग्राहकाला त्याचा पुरता लाभ नाही, कामगाराला संरक्षण नाही. आणि भाव चढला तेव्हाही कामगाराचा त्यात वाटा नाही, ही रचना न्यायाची म्हणता येणार नाही.

या कामासाठी नवा कर लावण्याचीही गरज नाही. १९७४ च्या तेल उद्योग विकास कायद्याखाली देशी खनिज तेलावर उपकर घेतला जातो. २०१६ पासून तो किमतीच्या २० टक्के ठरविण्यात आला. या उपकरातून तेल उद्योगाचा विकास व्हावा म्हणून मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाला १९९१-९२ पर्यंत मिळून सुमारे ९०२ कोटी रुपये मिळाले. त्यानंतर उपकराची सारी रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत राहिली. उद्योगाच्या विकासात उद्योगातली माणसे येतात, एवढे जरी मान्य केले, तरी मार्ग सापडतो.

सूचना तीन आहेत. पहिली, भाव एका ठरावीक पातळीच्या वर असताना उपकरातील लहानसा हिस्सा वेगळ्या स्थैर्यनिधीत टाकावा, आणि घसरणीच्या काळात तेल-वायू क्षेत्रातील कंत्राटी व सेवा-कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना, वेतनमर्यादेची अट न घालता, सहा महिन्यांपर्यंत वेतनाचा काही भाग त्यातून द्यावा. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधी उभारला. आपण नॉर्वे नाही, आयात करणारे राष्ट्र आहोत, पण सुगीत कणगी भरून ठेवण्याचे शहाणपण शेतकऱ्याच्या देशाला परके नसावे. दुसरी, सार्वजनिक क्षेत्रातील प्रत्येक कंत्राटात माणसांसाठीही ‘उभे राहण्याचा दर’ लिहावा आणि तो मूळ मालकाने थेट कामगाराच्या खात्यात भरावा. तिसरी, या निधीतून पुनःप्रशिक्षणाची सोय करावी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत, त्याच तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालू आहे. समुद्रात उंचावर वेल्डिंग केलेल्या हाताला तेथे काम शिकण्यास वर्षे लागणार नाहीत.

शिक्षकांचे कर्तव्य

शेवटचा मुद्दा आपल्यासारख्या शिकविणाऱ्यांचा आहे. कांद्याला एका वर्षी भाव आला की पुढच्या वर्षी सारे कांदा लावतात आणि भाव पडतो, हे खानदेशच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात, कारण आलेख काढला असता तो जाळ्यासारखा दिसतो. पदव्यांचेही असेच होते. तेल तेजीत असताना पगाराचे आकडे ऐकून मुलगा चार वर्षांच्या अभ्यासक्रमात शिरतो आणि बाहेर पडेपर्यंत मंदी आलेली असते. मंदी पाहून पुढची मुले पाठ फिरवतात, आणि चार वर्षांनी माणसे कमी पडतात. १९८६, १९९८, २००८, २०१४-१६ आणि २०२० अशा पाच मोठ्या घसरणी गेल्या चार दशकांत झाल्या. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत दोन-तीन तरी घसरणी येणार हे धरूनच चालावे.

म्हणून विद्यार्थ्याला या क्षेत्रापासून परावृत्त करण्याचे कारण नाही. देश आजही आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. मुंबई हायचे घटलेले उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये बीपीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड केली. जुन्या क्षेत्रांतून तेल काढण्यास अधिक कुशल माणसे लागतील. विद्यार्थ्याला सांगावयाचे ते इतकेच की, पहिल्या पगाराचा आकडा पाहून विषय निवडू नये. यंत्रशास्त्र, रसायन, भूशास्त्र यांचा पाया असा पक्का करावा की तो दुसऱ्या उद्योगातही उपयोगी पडेल. आणि चढत्या भावाच्या वर्षांत सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा.

परंतु व्यक्तीच्या काटकसरीने व्यवस्थेची उणीव भरून निघत नाही. आय.टी.आय. करून समुद्रात जाणाऱ्या मुलाला सहा महिन्यांची शिल्लक ठेवण्याइतका पगारच मिळत नाही. त्याच्यासाठी तरतूद करणे हे राज्याचे आणि मूळ मालकाचे काम आहे. पुढची घसरण कोणत्या साली येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल हे मात्र गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो. भाव बरे असतात तेव्हाच ही तरतूद करणे शक्य असते, आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच तिचा विसर पडतो. या विषयाचा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींकडे आजच धरला पाहिजे.